ताज्या भाज्या-फळांचा हंगामी स्वयंपाक: वसंत आणि उन्हाळ्यासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जवळजवळ सगळ्या भाज्या वर्षभर मिळत असताना हंगामाची वाट कशासाठी पाहायची?

चवीसाठी. लांबून येणारा माल प्रवासात टिकावा म्हणून बहुधा पूर्ण तयार होण्याआधीच काढला जातो, आणि वेलीवर किंवा झाडावर शेवटच्या काही दिवसांत भरणारी गोडी व सुगंध त्याला मिळत नाही. जवळच्या शेतातून ऐन हंगामात आलेल्या भाजीला हे दिवस मिळालेले असतात. तिला मसाल्याचा आधार कमी लागतो आणि स्वयंपाकही आपोआप साधा होतो.

हंगाम ओळखण्यासाठी महिन्यांचा तक्ता पाठ करण्याची आवश्यकता नाही. उत्तर गोलार्धात वसंत साधारणपणे मार्च ते मे आणि उन्हाळा जून ते ऑगस्ट असा धरला जातो; दक्षिण गोलार्धात हेच ऋतू सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत येतात, तर विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांत पाऊसच ऋतू ठरवतो. जी भाजी बाजारात एकाएकी सगळीकडे दिसू लागते, जिचा भाव उतरतो आणि जिच्या देठांवर अजून ओलावा असतो, ती हंगामाची भाजी आहे असे खुशाल समजावे.

वसंतातील आणि उन्हाळ्यातील भाज्या वेगवेगळ्या पद्धतीने शिजवाव्या लागतात का?

होय, आणि हा फरक एकदा लक्षात आला की पाककृतीचे पुस्तक फारसे उघडावे लागत नाही. वसंतात प्रामुख्याने कोवळी पाने, कोंब, शेंगा आणि लहान कंदमुळे येतात, म्हणजे पालक, लेट्यूस, पातीचा कांदा, वाटाणा, अ‍ॅस्परॅगस (शतावरीच्या वर्गातील वनस्पतीचे कोवळे कोंब), मुळा, नवे बटाटे. या भाज्यांची साल पातळ, तंतू मऊ आणि गोडी नाजूक असते. त्यामुळे त्यांना थोडी उष्णता आणि त्याहून थोडा वेळ पुरतो. त्यांच्यावर दाट रस्सा किंवा भरपूर मसाला घातला, तर ज्यासाठी त्या आणल्या तेच झाकले जाते.

उन्हाळ्यात मात्र फळभाज्यांचे राज्य असते: टोमॅटो, वांगी, ढोबळी मिरची, काकडी, झुकिनी (काकडीसारखी दिसणारी भोपळावर्गीय भाजी), मका. यांत पाणी भरपूर असते आणि त्यांना दोन टोकांचे उपचार मानवतात. त्या एकतर अजिबात न शिजवता खाव्यात, किंवा कडक आचेवर इतक्या भाजाव्यात की पाणी उडून जाऊन कडा तांबूस होतील. मधल्या मार्गाने, म्हणजे मंद आचेवर झाकण ठेवून अर्धवट शिजवलेली झुकिनी किंवा वांगे पाणचट लागते. लोकांना या भाज्या आवडत नाहीत, त्यामागे भाजीपेक्षा ही पद्धतच अनेकदा कारणीभूत असते, असे माझे मत आहे.

आधी पदार्थ ठरवून भाजी आणावी, की भाजी आणून पदार्थ ठरवावा?

रोजच्या साध्या जेवणासाठी दुसरा क्रम अधिक फलदायी ठरतो. घरात काही पाया कायम असावा: तांदूळ किंवा दुसरे एखादे धान्य, पास्ता किंवा पाव, अंडी, दही, शिजवलेले हरभऱ्यासारखे एखादे कडधान्य, चांगले तेल, लिंबू किंवा व्हिनेगर, कांदा आणि लसूण. हा पाया असला की बाजारातून दोन किंवा तीनच भाज्या आणि एक जुडी सुगंधी पाला आणावा. जेवणाचा आराखडा मग फार साधा राहतो. एक पोटभरीचा घटक, एक मुख्य भाजी, काहीतरी आंबट, काहीतरी कुरकुरीत आणि वरून हिरवा पाला, एवढे जमले की ताट पूर्ण होते.

उकडलेले नवे बटाटे आणि वाटाणे गरम असतानाच तेल, लिंबू व चिरलेल्या शेपूत घोळवले आणि बाजूला उकडलेले अंडे ठेवले, तर ते वसंतातले संपूर्ण जेवण होते. भर उन्हाळ्यात पिकलेले टोमॅटो चिरून त्यांना मीठ, ठेचलेला लसूण आणि तेल लावून ठेवावे. तेवढ्या वेळात पास्ता शिजतो आणि गरम पास्त्यावर हा न शिजवलेला रस ओतला की दुसरे काही करावे लागत नाही. कढईत कडक आचेवर परतलेले मक्याचे दाणे आणि ढोबळी मिरची भातात मिसळून वर दही घातले तरी चालते. भाजी बदलली तरी आराखडा तोच राहतो. मला ही पद्धत यासाठी मोलाची वाटते की तिच्यामुळे आठवड्याच्या शेवटी फ्रीजमध्ये सुकत पडलेली, एकाच पदार्थासाठी आणलेली भाजी उरत नाही.

ताजी भाजी कशी ओळखावी?

रंगापेक्षा वजन, ताण आणि कापलेली बाजू यांकडे पाहावे. काकडी, कलिंगड, टोमॅटो आकाराच्या मानाने जड लागले पाहिजेत, कारण वजन म्हणजे आत टिकून राहिलेले पाणी. फरसबीची शेंग वाकवल्यावर कट्कन मोडली पाहिजे. ती नुसतीच वाकत असेल तर ती सुकलेली आहे, आणि दाणे बाहेरून टरारलेले दिसत असतील तर जून झालेली आहे. अ‍ॅस्परॅगसची टोके घट्ट मिटलेली हवीत. कणसाचे केस किंचित चिकट आणि त्याची पाने हिरवी असावीत. कलिंगडाचा जो भाग जमिनीला टेकलेला असतो तो पांढरट नसून पिवळसर असेल, तर ते वेलीवर नीट पिकलेले असण्याची शक्यता अधिक असते. झुकिनी, वांगी आणि काकड्या यांच्या बाबतीत लहान व मध्यम आकारच निवडावा, कारण मोठ्या झालेल्या फळात बिया निबर होतात.

घरी आणल्यावर काय कुठे ठेवावे?

बहुतेक नासाडी स्वयंपाकात होत नाही, साठवणीत होते. त्यामुळे या प्रश्नावर थोडे थांबणे योग्य ठरेल.

पालेभाज्या थंडाव्यात आणि दमटपणात टिकतात, पण साचलेल्या पाण्यात कुजतात. त्या न धुता, किंवा धुतल्यास पूर्ण निथळून, कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळाव्यात आणि फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवाव्यात. मुळ्याची पाने आणल्याबरोबर कापून वेगळी करावीत, कारण ती मुळ्यातले पाणी ओढून घेतात आणि मुळा मऊ पडतो. अ‍ॅस्परॅगस, कोथिंबीर आणि पार्सली यांचे देठ थोडे छाटून, फुले फुलदाणीत ठेवतात तसे, थोड्या पाण्यात उभे करून फ्रीजमध्ये ठेवता येतात. बेझिल (तुळशीच्या वर्गातील सुगंधी पाला) मात्र फ्रीजबाहेरच पाण्यात ठेवावी. थंडीने तिची पाने काळी पडतात. काकडी, वांगी आणि ढोबळी मिरची यांनाही फार थंडी सोसत नाही. साधारण 10 अंश सेल्सिअसच्या खाली त्या बरेच दिवस राहिल्या की त्यांवर खड्डे पडतात आणि त्या बुळबुळीत होतात, म्हणून त्या फ्रीजच्या सर्वांत कमी थंड भागात ठेवून दोन-चार दिवसांत संपवाव्यात.

दुसरी गोष्ट फळे पिकवणाऱ्या इथिलीन वायूची. सफरचंद, केळी, पीच, खरबूज आणि पिकलेले टोमॅटो हा वायू सोडतात आणि त्यामुळे शेजारच्या भाज्या लवकर पिवळ्या पडतात. पालेभाज्या, ब्रोकोली आणि काकडी यांना त्यांच्यापासून दूर ठेवणे एवढा एकच बदल केला, तरी दोन दिवसांचा फरक जाणवू शकतो. बटाटे अंधारात आणि हवेशीर जागी ठेवावेत.

भाज्या-फळे धुण्यासाठी साबण किंवा खास द्रावण वापरावे का?

नाही. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली हाताने चोळून धुणे पुरेसे असते. साबण सालीतून आत शोषला जाऊ शकतो. खरबूज आणि कलिंगड यांची साल आपण खात नसलो तरी कापण्यापूर्वी ती ब्रशने घासून धुवावी, कारण सुरी बाहेरचे जंतू थेट गरात नेते. स्ट्रॉबेरी आणि इतर मऊ फळे खाण्याच्या ऐन वेळी धुवावीत, अन्यथा ओलाव्यामुळे त्यांना बुरशी धरते.

हिरव्या भाज्या शिजवल्यावर काळपट का पडतात?

हिरव्या रंगद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते. उष्णता आणि आम्ल यांच्या संयोगाने ते निसटते आणि उरलेले द्रव्य तपकिरी झाक असलेले हिरवट दिसते. भाजीच्या पेशींतही आम्ल असतेच, आणि झाकण घातले की वाफेबरोबर उडून जाणारे आम्ल पुन्हा भांड्यात पडते. म्हणून वाटाणा, फरसबी आणि अ‍ॅस्परॅगस उघड्या भांड्यात, भरपूर उकळत्या, खारट पाण्यात शिजवावेत. भांड्यात पाणी जास्त असले की भाजी घातल्यावरही उकळी फारशी मोडत नाही. कोवळ्या वाटाण्याला दोन मिनिटे आणि बारीक फरसबीला चार ते पाच मिनिटे सामान्यतः पुरतात. लिंबू किंवा व्हिनेगर अगदी वाढताना घालावे. आधी घातले तर काही मिनिटांतच रंग उतरतो. भाजी गारच खायची असेल तर ती काढून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावी, म्हणजे आतल्या उष्णतेने पुढे शिजत राहणे थांबते.

सोड्याची चिमूट घातल्याने रंग टिकतो हे खरे आहे, परंतु भाजीचा पोत त्यामुळे लिबलिबीत होतो. माझा त्याला स्पष्ट विरोध आहे.

वाटाणा आणि मका आणल्या दिवशीच करावा असे का म्हणतात?

तोडणीनंतरही दाणा जिवंत असतो आणि त्यातल्या साखरेचे स्टार्चमध्ये रूपांतर होत राहते. ही प्रक्रिया उष्ण हवेत वेगाने आणि थंडीत मंद गतीने होते, म्हणून सकाळी गोड लागलेले कणीस उन्हात ठेवलेल्या पिशवीत संध्याकाळपर्यंत पिठूळ लागू शकते. अतिगोड म्हणून विकल्या जाणाऱ्या नव्या वाणांत हा ऱ्हास बराच मंद असतो. तरीही नियम तोच ठेवावा: आल्याबरोबर सालीसकट फ्रीजमध्ये आणि शक्यतो त्याच दिवशी ताटात. ताज्या गोड मक्याला उकळत्या पाण्यात तीन ते पाच मिनिटे पुरे होतात. वाटाणा मोठा व पिठूळ झालाच असेल तर तो सॅलडमध्ये न वापरता पुदिन्याबरोबर त्याचे सूप करावे, तिथे तो उणा पडत नाही.

टोमॅटो फ्रीजमध्ये ठेवावेत की बाहेर?

पूर्ण न पिकलेले टोमॅटो बाहेरच, देठाची बाजू खाली करून आणि सावलीत ठेवावेत. थंडीत त्यांचे पिकणे थांबते आणि सुगंध तयार करणारी यंत्रणा मंदावते. पूर्ण पिकलेला टोमॅटो बाहेर ठेवल्यास उद्या सडणार असेल, तर मात्र त्याला एक-दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवण्यात गैर काही नाही. फक्त खाण्यापूर्वी तो बराच वेळ बाहेर काढून ठेवावा. गार टोमॅटोला चव नसते.

सॅलडला पाणी सुटून ते पाणचट होते. उपाय काय?

मीठ पेशींतले पाणी बाहेर ओढते, तेव्हा ते पाणी ताटात सुटण्याऐवजी आधीच काढून घ्यावे. अर्धा किलो काकडीला साधारण एक चहाचा चमचा मीठ चोळून ती अर्धा तास चाळणीत ठेवावी आणि नंतर हलक्या हाताने पिळावी. ती अधिक कुरकुरीतही होते. टोमॅटोच्या बाबतीत उलट करावे. त्याला सुटलेला रस हाच सर्वांत चवदार भाग असल्याने तो फेकू नये, त्यातच तेल आणि थोडे व्हिनेगर फेटून ड्रेसिंग करावे. पानांचे सॅलड मात्र वाढण्यापूर्वी क्षणभरच आधी कालवावे आणि पाने पूर्ण कोरडी असावीत, कारण ओल्या पानांवर तेल टिकत नाही.

ड्रेसिंगसाठी तीन भाग तेलाला एक भाग आम्ल हे प्रमाण सर्वत्र सांगितले जाते. मी त्याला सुरुवातीचा अंदाज मानते आणि नंतर पानाला बोट लावून चव घेते, कारण आंबट टोमॅटोबरोबर आम्ल कमी लागते आणि उकडलेल्या बटाट्यांना ते जवळजवळ दुप्पट लागते. बटाटे, हरभरे आणि भात गरम असतानाच ड्रेसिंग मुरवावे. गार झाल्यावर ते वरवरच राहते. कच्चा कांदा फार तिखट असेल तर चिरून दहा मिनिटे गार पाण्यात ठेवून निथळावा.

कडक उन्हाळ्यात चुलीसमोर उभे राहवत नाही. तरीही ताजे जेवण कसे करावे?

उष्णतेची कामे पहाटे किंवा रात्री उरकावीत आणि दिवसाच्या जेवणात फक्त चिरणे व कालवणे ठेवावे. सकाळी एकदाच भांडे तापवून त्यात क्रमाने अंडी, फरसबी आणि धान्य उकडून घेतले, तर दोन जेवणांचा पाया तयार होतो. वांगी, ढोबळी मिरची आणि झुकिनी एकाच वेळी मोठ्या प्रमाणात भाजाव्यात. ओव्हन असल्यास 220 अंश सेल्सिअसवर, फोडी एकमेकींना न चिकटतील अशा पसरून, त्या अर्ध्या तासाच्या आसपास भाजल्या जातात. फोडी गर्दीने भरल्या की त्या भाजल्या न जाता वाफवल्या जातात. या भाज्या पहिल्या दिवशी पावाबरोबर, दुसऱ्या दिवशी अंड्यात आणि उरल्यास वाटून सूपमध्ये खपतात. गार सूपही विसरू नये. काकडी, दही, पुदिना आणि लसणाचा छोटा तुकडा वाटून गार केले की ते दहा मिनिटांत होते. गार पदार्थात मिठाची आणि आंबटाची चव फिकी लागते, म्हणून शेवटची चव तो गार झाल्यावरच पाहावी.

सुगंधी पाला केव्हा घालावा?

कोथिंबीर, पुदिना, बेझिल, शेपू आणि पार्सली गॅस बंद केल्यावर. रोझमेरी आणि थाइम सुरुवातीलाच. कोवळ्या पाल्याचा सुगंध उष्णतेत उडून जातो, तर चिवट पाल्याचा सुगंध तेलात उतरायला वेळ लागतो. कोथिंबिरीचे कोवळे देठ फेकू नयेत, बारीक चिरून तेही वापरावेत.

न पिकलेली फळे घरी ठेवून गोड होतात का?

काही होतात, काही कधीच होत नाहीत. आंबा, केळी, पीच, जर्दाळू, आलुबुखार आणि अ‍ॅव्होकाडो तोडल्यानंतरही पिकतात. कागदी पिशवीत एका केळ्याबरोबर ठेवल्यास पिकणे लवकर होते. स्ट्रॉबेरी, चेरी, द्राक्षे, कलिंगड आणि अननस तोडल्यानंतर अधिक गोड होत नाहीत, ती फक्त जुनी होतात. म्हणून ती चाखून किंवा वास घेऊनच घ्यावीत. फिकी निघालीच तर स्ट्रॉबेरीच्या फोडींवर थोडी साखर आणि लिंबू घालून अर्धा तास ठेवावे, आणि कलिंगडाला मीठ, लिंबू व पुदिन्याची जोड द्यावी.

कोणत्या भाज्या कच्च्या खाऊ नयेत?

फरसबीत लेक्टिन नावाचे प्रथिन असते आणि ते कच्चे पोटात गेल्यास मळमळ व उलट्या होऊ शकतात, म्हणून ती नीट शिजवूनच खावी. मोड आलेली कडधान्ये उबदार, दमट वातावरणात वाढतात आणि तेच वातावरण जंतूंनाही मानवते. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि आजारी व्यक्ती यांना ती शिजवूनच द्यावीत. बटाटा हिरवा पडला असेल किंवा कडू लागत असेल तर तो टाकून द्यावा, कारण त्यातील विषारी द्रव्य उकडल्याने पुरेसे नष्ट होत नाही.

काकडी, झुकिनी आणि भोपळावर्गीय इतर फळांविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. चिरल्यावर छोटा तुकडा चाखावा, आणि तो असह्य कडू लागला तर ते फळ पूर्ण टाकून द्यावे. ही कडू चव कुकरबिटासिन नावाच्या द्रव्यांची असते. ती शिजवल्याने जात नाहीत आणि जास्त प्रमाणात पोटात गेल्यास गंभीर विषबाधा होते. मसाला किंवा साखर घालून कडूपणा झाकण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

लसूण किंवा पाला तेलात घालून बाटलीत साठवता येतो का?

खोलीच्या तापमानाला अजिबात नाही. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि लसणात आम्ल कमी असते. या परिस्थितीत बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू वाढून विष तयार करू शकतात, आणि त्याचा ना वास येतो ना चव बदलते. असे तेल फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावे, किंवा बर्फाच्या साच्यात गोठवावे.

शिजवलेले किंवा चिरलेले अन्न बाहेर किती वेळ चालते?

दोन तास, आणि हवेचे तापमान 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. फ्रीज 4 अंश किंवा त्याहून थंड असावा. कापलेले कलिंगड आणि खरबूज यांनाही हाच नियम लागू आहे, जरी आपण त्यांना शिजवलेल्या अन्नाइतके नाशवंत मानत नाही. भात विशेष जपावा, कारण त्यातील काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात आणि ऊब मिळताच वाढतात. तो उथळ ताटात पसरून लवकर निववावा आणि फ्रीजमध्ये ठेवावा.

शिजवल्याने भाज्यांतील पोषण नष्ट होते का?

सरसकट नाही. क जीवनसत्त्व उष्णतेने आणि पाण्यात विरघळून कमी होते, म्हणून ढोबळी मिरची कच्ची किंवा थोडक्यात परतून खाणे चांगले. याउलट टोमॅटोतील लायकोपीन हे लाल रंगद्रव्य शिजवून आणि तेलाबरोबर खाल्ल्यास शरीराला अधिक सहज मिळते. दोन्ही रीतींनी खावे.

हंगाम संपण्यापूर्वी काय गोठवून ठेवावे?

वाटाणा, फरसबी आणि मका. मात्र ते कच्चेच गोठवू नयेत, कारण फ्रीजरमध्येही विकरांचे (भाजीतील रासायनिक बदल घडवणाऱ्या प्रथिनांचे) काम हळूहळू चालूच राहते आणि काही आठवड्यांत चव व रंग बिघडतो. वाटाणा दीड मिनिट, फरसबी तीन मिनिटे आणि मक्याची कणसे चार मिनिटे उकळत्या पाण्यात घालून लगेच बर्फाच्या पाण्यात गार करावीत. मक्याचे दाणे त्यानंतर सोलावेत. पूर्ण कोरडे करून ताटात सुटे पसरून गोठवावे आणि मग पिशवीत हवा काढून भरावे, म्हणजे दाणे एकमेकांना चिकटत नाहीत. उणे 18 अंशांवर ते आठ ते बारा महिने चांगले राहतात. टोमॅटो उकळत्या पाण्यातून न काढताही गोठवता येतात; वितळल्यावर त्यांची साल हातानेच निघते, परंतु ते फक्त शिजवण्याच्याच उपयोगाचे राहतात. काकडी, लेट्यूस आणि मुळा गोठवू नयेत, कारण वितळल्यावर त्यांचा कुरकुरीतपणा परत येत नाही. उरलेल्या काकडीसाठी समान भाग व्हिनेगर आणि पाणी, थोडी साखर व मीठ एकत्र उकळून गार करावे आणि तिच्या चकत्या त्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवाव्यात. दुसऱ्या दिवसापासून त्या खाता येतात.